बारा नंबरचा पाना

गाडी जुनी आठशे. पांढरी होती म्हणे.
आगरवाड्यात काहीच फार दिवस पांढरं राहत नाही,
मीठ सोडून.
मिठागरं घरामागे पन्नास पावलांवर,
वारा रात्रभर गाडीचं पोट चाटत असतो.

आवाज होडीसारखा यायला लागला
तेव्हा एरवी कायतानला हाक मारली असती.
पण कायतान स्विंडनला. तीन वर्षं झाली.
तिथे तो खोक्यांवर पट्ट्या चिकटवतो,
त्याच्या गॅरेजात आता स्कुटर भाड्याने मिळतात.
जाताना पान्यांची पेटी माझ्याकडे ठेवून गेला.
ठेवून. दिली नाही. हे दोनदा सांगून.

एक्झॉस्टचे सहा बोल्ट, सगळे बारा नंबरचे.
पहिले तीन कुरकुरत आले.
चौथ्यासाठी पान्याला जुन्या पंपाची नळी जोडून
पूर्ण वजनानं लटकले.
पाचवा हललाच नाही.
पाना सटकला, बोटांची सालं रेडिएटरवर राहिली.
शाणू बॅटरी धरून उभा. म्हणाला, टीचर, तुम्ही शिवी दिलीत.
म्हटलं, लिहून घेऊ नकोस, परीक्षेला येणार नाही.

तेल सोडलं. रात्रभर मुरू दिलं.
सकाळी पुन्हा तेल, वर हातोडीच्या टिचक्या,
जोरात नाही,
उसने पैसे परत मागायला आलेला माणूस दार वाजवतो तशा.
बोल्टच्या डोक्याचे सहा कोपरे
आता साडेचार उरले होते.
लोखंड गोल व्हायला लागलं की समजावं,
आपण चिडलोय.

दुपारी फोन केला. तिकडे सकाळ, तो पाळीवर निघालेला.
"पयली इल्लो घट कर," म्हणाला, "मागीर सोड."

घट्ट? चौदा वर्षं जो घट्टच बसलाय
त्याला आणखी?
"आनी मेण घाल."

मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताहून आणलेली मेणबत्ती
लाईट गेली तर लावायची म्हणून देव्हाऱ्याखाली होती.
शाणूचा बाप फ्रिज दुरुस्त करतो, त्याचा ब्लोटॉर्च आणला,
पेट्रोलची नळी काढून लांब बांधली,
शेजारी वाळूची बादली, शेजारी शाणू, पळायच्या तयारीत.
बोल्ट काळपट लाल झाला.
मेण टेकवलं, ते वितळलं
आणि आट्यांतून आपसूक आत गेलं,
ओळखीचं माणूस न विचारता
आतल्या खोलीत जातं तसं.

पाना बसवला. घट्ट केला, केसभर.
कुईं करून ओरडला तो.
मग उलटा. परत घट्ट. परत उलटा.
पाव फेरा पुढे, पाव मागे,
मिठागरातला माणूस फावडं ओढतो त्या चालीनं.
पत्र्याच्या डब्यात पडला तेव्हा
शाणूनं टाळी वाजवली, आणि बॅटरी खाली पाडली.

सहावा?
सहावा तुटला.
सगळं तेच केलं होतं. तेल, मेण, घट्ट, सैल.
डोकं अळंबं खुडावं तसं पान्यात आलं,
धड तिथंच, इंजिनाच्या अंगात.
बराच वेळ मी ते डोकं हातात धरून बसले.
चुकलं कुठे, ते दाखवायला त्यावर काही नव्हतं.

नवी गॅसकेट. पाचांचे आटे घासले,
ग्रीस लावलं, बसवले.
संध्याकाळी गाडी सुरू केली
आणि फोन बॉनेटखाली धरला.
कायतान जेवणाच्या सुट्टीत,
मागे कसलातरी पट्टा घरघरत होता.
ऐकत राहिला. इतका वेळ की वाटलं, लाइन गेली.

"एक उणो न्ही गे?"
हो म्हटलं.
"फाटलो. सहावो."
हो.
"ताका हांवेंय केन्नाच हात लावंक ना,"
कायतान म्हणाला,
आणि थोडं थांबून:
"पेटी धांप. खारें वारें लागता."